मार्चमधलं पत्र

वेबसाइट शुक्रवारी दुपारी बारा वाजता सुरू झाली, आणि एक वाजून दहा मिनिटांनी टॅमसिन पॅस्कोच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याआधीचे आठ महिने नुसता काथ्याकूट चालला होता. बोरोनिया ही फुकट मिळणारी, कुणीही आतून उघडून बघावी, दुरुस्त करावी अशी ऑपरेटिंग सिस्टीम. वॉलरू या बंदराच्या गावात तिचे एकोणीस भक्त, आणि एकोणीस जणांची निदान पंचवीस मतं. लोकांना बोरोनियाची ओळख व्हावी म्हणून आपली एक वेबसाइट काढायची, एवढं ठरलं आणि भांडणं लागली. ती कशात बांधायची, रंग निळा की हिरवा, आधी चित्र की आधी मजकूर. बाजारात तुरी, अन् हे एकमेकांच्या उरावर. सगळं चालायचं ईमेलने पत्रं पाठवायच्या एका सामायिक यादीवर. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं आणि इंटरनेटवर कायमचं उघडं राहायचं, जगात कुणीही वाचावं. ती त्यांची रीतच होती. शेवटी टॅमसिनने सगळ्यांना बाजूला सारलं आणि पंधरा दिवसांत एकटीने साइट उभी केली, कारण तिला घाई होती.

लायब्ररीत साठ कॉम्प्युटर होते. विकतची नवी सिस्टीम त्यांच्यावर चालेना, म्हणून सोमवारी ते भंगारात निघणार होते. बोरोनिया त्यांच्यावर झकास चालली असती. गावातली बँक बंद झाल्यापासून म्हाताऱ्या माणसांचे हाल कुत्रा खात नव्हता. पेन्शन बघायची तर कॉम्प्युटर, डॉक्टरची वेळ घ्यायची तरी कॉम्प्युटर. अशा एकेचाळीस जणांच्या घरी जाऊन टॅमसिनने शब्द दिला होता, की मशीन मिळेल आणि शिकवायला मी स्वतः येईन. तीस वर्षं शाळेत टायपिंग शिकवलेली बाई, तिच्या शब्दावर गाव विसंबायचं. आता चार वाजता, त्या मशीनचं काय करायचं ते ठरवायला, गावच्या कौन्सिलची बैठक होती. लायब्ररीची प्रमुख लिनेट ट्रेंगोव सांगेल तसं कौन्सिल करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लिनेटने मागितलं होतं एवढंच, की तुम्ही कोण, कसं काम करता, हे लोकांना वाचता येईल असं कुठेतरी मांडा, मी बैठकीआधी बघते.

तर टॅमसिन घरी बटाटा-मांस भरलेली पेस्टी खात आपलीच साइट कौतुकाने बघत बसली होती. पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं, 'आमच्याकडे झाकलेलं काही नाही. आमची सगळी चर्चा इथे वाचा.' तिने सहज त्यावर क्लिक केलं, सहज मार्च महिना उघडला. समोर तिचंच पत्र.

'लिनेटला समजावण्यात वेळ घालवू नका. जो शेवटी बोलेल त्याची ती. स्वतःचं डोकं तिला नाहीच. आपण शेवटी बोलू म्हणजे झालं.'

 त्या दिवशी लिनेटने तिसऱ्यांदा भेट पुढे ढकलली होती आणि टॅमसिनचं डोकं फिरलं होतं. राग दुसऱ्या दिवशी गेला. अक्षरं कशाला जातील?

तिने डेन्झिल नॅनकर्व्हिसला फोन लावला. डेन्झिल यादी सांभाळायचा. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला, सत्तरीचा, एक नंबरचा हट्टी माणूस. साइटच्या रंगावरून तीन महिने हाच आडवा आला होता. टॅमसिनने त्याला सगळं सांगितलं आणि विनवलं, की एक पत्र काढून टाक, एकच.

"नाही," डेन्झिल म्हणाला.

"अरे, एकेचाळीस माणसं आहेत. तुझी सख्खी बहीण आहे त्यात."

"माहितेय मला. लिहिताना कुणी हात धरला होता का तुझा? आता जा आणि तिला तोंडावर सांग. लायब्ररी दहा मिनिटांवर आहे."

"आणि ती बिथरली तर?"

"तर बिथरली."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, डेन्झिल."

"मग झाकूनच ठेवायची होतीस. साइट कशाला काढलीस, बाई?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

टॅमसिनचा असा संताप झाला, की समोर असता तर तिने उरलेली पेस्टी त्याला फेकून मारली असती. तत्त्वं घेऊन बसलाय मेला! ती स्वयंपाकघरात येरझारा घालू लागली. साइट बांधण्यासाठी यादीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तिच्याकडेही दिलेली होती. नियम तिला पाठ होता. काहीही पुसलं, की कुणी पुसलं, काय पुसलं, याची सूचना त्या मजकुरासकट सगळ्या सभासदांना आपोआप जायची. दोन वर्षांपूर्वी एकाने आपली पत्रं गुपचूप उडवली, तेव्हा सगळ्यांनी मिळून हा नियम केला होता, आणि हात वर करणाऱ्यांत तीही होती. जाऊ दे सूचना, तिने ठरवलं. आपलीच माणसं आहेत, आठवडाभर सोलतील आणि गप्प बसतील. दोनला पाच मिनिटं कमी असताना तिने पत्र पुसलं. पुसल्यावर हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

पावणेचारला ती कौन्सिलच्या इमारतीत पोचली. लिनेट बाहेरच कागद छातीशी धरून उभी होती.

"साइट चांगली झालीय," लिनेट म्हणाली. टॅमसिनचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच ती पुढे म्हणाली, "मी मार्चपासून तुमच्या यादीवर आहे. लायब्ररीच्या पत्त्यावरून. कुणीही या म्हणता ना, म्हणून आले. कोण आलं ते तुमच्यापैकी कुणी बघितलंच नाही."

टॅमसिनला वाटलं, जमीन दुभंगावी.

"ते पत्र मी तेव्हाच वाचलं," लिनेट सांगत होती. "दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग म्हटलं, जे बोलल्या ते चारचौघांत बोलल्या. तोंडावर गोड बोलून मागे सुरी फिरवणाऱ्यांपेक्षा बऱ्या. तुमची बाजू घ्यायची हे मी तेव्हाच ठरवलं होतं. आणि आज दोन वाजता ती सूचना आली."

"मी ते त्या एकेचाळीस लोकांसाठी..."

"नाही, टॅमसिन. ते तुम्ही तुमच्यासाठी केलंत."

 दार उघडलं आणि दोघी आत गेल्या. डेन्झिल आधीच मागच्या रांगेत येऊन बसला होता. सूचना त्यालाही मिळालेली असणारच, पण तो टॅमसिनकडे बघेना. एकवेळ शिव्या परवडल्या असत्या, असं तिला झालं.

अध्यक्षांनी लिनेटला मत विचारलं. ती बराच वेळ कागद नीट करत राहिली. हिने आता नाही म्हटलं, तर सोमवारी ट्रक येणार आणि साठ मशीन जाणार. टॅमसिनने खुर्चीची कड घट्ट धरली.

"मशीन यांना द्यावीत," लिनेट म्हणाली. "सिस्टीम चांगली आहे, मी स्वतः चालवून बघितली. पण एक अट आहे. म्हाताऱ्या माणसांचे पासवर्ड, बँकेचे, औषधांचे कागद, सगळं या मशीनवर येणार. शिकवणाऱ्याच्या डोळ्यांखालून ते जाणार. म्हणून जबाबदारीची सही डेन्झिल नॅनकर्व्हिस यांची असावी, आणि घरोघर शिकवायला श्रीमती पॅस्को यांनी जाऊ नये."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अध्यक्षांनी कारण विचारलं. लिनेट म्हणाली, "ते त्याच सांगतील, त्यांना सांगायचं असेल तर."

टॅमसिन उभी राहिली.  तिने मार्चमधलं पत्र शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, 'स्वतःचं डोकं तिला नाहीच' हे सुद्धा. मग आज आपण काय केलं ते सांगितलं, आणि अट मान्य आहे म्हणून खाली बसली. ठराव एकमताने झाला.

सोमवारी डेन्झिलने साठ मशीन शेडमध्ये रचून घेतली. टॅमसिन घरी त्या एकेचाळीस जणांची नावं घेऊन फोनपाशी बसली. पहिलंच नाव डेन्झिलच्या बहिणीचं होतं, ब्याऐंशी वर्षांची लव्हडे. मशीन मिळालं म्हटल्यावर म्हातारी हरखली, आणि तिने लगेच विचारलं, "मग तू कधी येतेस शिकवायला?"

"मी नाही येणार, लव्हडे," टॅमसिन म्हणाली. "बस जरा. का ते सांगते."

असे अजून चाळीस फोन करायचे होते.