आम्ही मदतनीस नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी कप्पी आहे. माझ्या पोटातल्या पितळी चाकावरून मनगटाएवढा जाड दोर धावतो. सुताराने मला घडवले ते शिडाच्या जहाजासाठी. डोलकाठीवर चढून शीड ओढणाऱ्यांना सगळे खलाशी म्हणत. पुढे जहाज भंगारात गेले आणि ती माणसे मला घेऊन बंदरावरच्या कारखान्यात आली. तिथे आम्ही बॉयलर उचलले, पुलाच्या तुळया चढवल्या. समुद्र सुटला, पण नाव खलाशीच राहिले.

एके दिवशी नवे साहेब शब्दकोश उघडून म्हणाले, "खलाशी म्हणजे जहाजावरचा कामगार. तुम्ही कुठे जहाजावर आहात? उद्यापासून हजेरीपटावर 'मदतनीस' लिहायचं."

"मदत कोणाला, साहेब?" आमचे मुकादम तात्या म्हणाले. "दोर आम्ही बांधतो, भार आम्ही तोलतो. चुकलं तर जीवही आमचाच जातो."

"सही करा, नाहीतर घरी बसा."

तात्या घरी बसले. त्यांच्यामागोमाग टोळीतले अकराही गडी. मी खुंटीला लटकले. पहारेकरी माझ्या आकड्याला छत्री अडकवू लागला! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तीन आठवड्यांनी इस्पितळातले जनित्र बंद पडले. नवे बसवायचे काम आमच्या कारखान्याकडे आले. ते तळघरात उतरवायचे, तर क्रेन बोळात शिरेना. साहेबांनी तात्यांना निरोप धाडला.

"आधी नाव परत मागा. साहेब आयते सापडलेत," तात्यांची बायको म्हणाली.

"आजाऱ्यांना वेठीला धरून नाही मागायचं. नाव मी स्वतःच लिहीन."

इस्पितळाच्या फाटकावरच्या वहीत 'मदतनीस, बारा' अशी नोंद होती. साहेबांसमोरच तात्यांनी ती खोडून 'खलाशी' लिहिले. "तुम्ही बदलाल तितक्या वेळा मी लिहीन. चला रे!"

"आस्ते... आस्ते..." दोर करकरला. माझ्या कुशीला तडा गेला, पण मी चाक सोडले नाही. दीड तासाने जनित्र भिंतीला न खरचटता जागेवर बसले.

साहेबही हटवादी. सहीशिवाय सगळ्यांना कामावर परत घेतले खरे, पण दर महिन्याला हजेरीपटावरचे 'खलाशी' ते लाल शाईने खोडत, तात्या पुन्हा लिहीत. असे सात महिने चालले. आठव्या महिन्यात पट छापूनच आला : खलाशी.

आता मला कचेरीत शोभेला ठेवायचे चालले आहे. मित्रांनो, ते मला मुळीच नको! तडा पट्टीने आवळा, आसाला तेल द्या आणि पेलेल तेवढा भार माझ्यावर टाका. मला अजून काम करायचे आहे.