साहेबांसाठी गारवा

त्या मे महिन्यात मला एका जागी बसवत नव्हतं. पीएच.डी. संपत आली होती आणि पुढे काय, हा प्रश्न डोकं खात होता. जन्मभर कॉलेजातल्या पोरांना भिंगं आणि लंबक दाखवत बसायची माझी तयारी नव्हती. मला मिल हवी होती.

परदेशीपुऱ्यातल्या एका मिलचे मॅनेजर माथुरसाहेब आमच्या प्रयोगशाळेत मी बनवलेली विजेची तार बघायला येणार होते. कोरड्या हवेत सूत फिरलं की त्यात वीज साठते, धागा फुलतो आणि तटातट तुटतो. म्हणून मिलवाले हवेत पाणी फवारतात, आणि मग यंत्रं गंजली म्हणून रडतात. माझी तार ती वीज पाण्याशिवाय काढून घ्यायची. साहेबांना पटलं तर मिलमध्ये संशोधन विभाग निघणार होता, आणि तो माझ्या हाती येणार होता. बाहेर लूचे गरम झोत चालू, हवा खडखडीत. आणखी काय हवं होतं?

साहेबांना आणायला जाताना प्रयोगाच्या खोलीवर लक्ष ठेवायला मी वडिलांना, नानांना, बसवून गेलो. तिथेच सगळं बोंबललं. नानांची हयात होळकर दरबारात पाहुण्यांची बडदास्त ठेवण्यात गेलेली. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, पण नानांच्या अंगातला दरबार काही गेला नाही.

परत येऊन बघतो तर खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, फरशीवर पाणी शिंपडलेलं आणि नाना पागोटं सावरत उभे. पडदे काढावेत तर साहेब माझ्या मागोमाग आत आलेच होते.

साहेब खूश होऊन ऐसपैस बसले. मी सूत फिरवणारं यंत्र चालू केलं. तारेचं बटण दाबलंही नव्हतं, तरी एकही धागा तुटेना. मग तार कशाला, असं साहेबांनी विचारलं. ही खोलीतली ओल आहे, उद्या कोरड्यात दाखवतो, असं मी जीव तोडून सांगत होतो. उद्या ते मुंबईला चालले होते. नानांचा इतका संताप आला की त्यांच्याकडे बघवेना.

निघताना साहेबांनी विचारलं, ही व्यवस्था कोणाची? नाना लवून पुढे झाले. मिलच्या गेस्ट हाउसला असाच माणूस हवा, सोमवारपासून या, असं साहेब म्हणाले.

नानांनी आयुष्यात कुठल्या साहेबाची वाट अडवली नव्हती. ते दारात आडवे उभे राहिले.

"साहब, पहले मेरे बेटे का बताइए."

"उनका तो देख लिया," म्हणत माथुरसाहेब बाजूने निघून गाडीत बसले.

नाना माझ्याकडे वळले. "अच्युता, काय बघितलं रे त्यांनी?"