गादी लावलेली विजार

या, असे जवळ सरकून बसा. पाय मोकळे करा, दिवसभर दमला असाल. आज गोष्ट सांगायची आहे ती ना राजाची, ना ऋषीची. ही गोष्ट आहे एका विजारीची. हसा, हसा, काही हरकत नाही. भगवंताला भक्ताच्या कुठल्याच वस्तूचं वावडं नसतं, मग आपण का नाक मुरडावं? कान तेवढे इकडे द्या.

एक सासरे होते आणि त्यांची सून. सासऱ्यांचं आयुष्य घरोघरी जाऊन पाण्याची मीटरं बघण्यात गेलं, तेही सायकलवरून. आता निवृत्त झाले होते. सून कपड्यांच्या एका कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. मुलगा बोटीवर नोकरीला. फोन लागला तर लागला. आणि सासूबाई? त्या घरी नव्हत्या. त्यांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरात एक माणूस दिवसभर कामावर, दुसऱ्याच्या हातात उचलायची ताकद नाही. शेवटी टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात त्यांना ठेवावं लागलं. ठेवून आले त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत आणि दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

तिथे एक पंचाईत झाली. सासूबाई सकाळचं खाणं फक्त नवऱ्याच्या हातून घ्यायच्या. दुधात कुस्करलेला पाव, एवढंच. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट. तिथली परिचारिका मोठी प्रेमळ, पण तीही एक दिवस म्हणाली, "आजोबा, तुम्ही येता म्हणून चाललंय. नाही आलात तर नाकातून नळी घालावी लागेल हो. मला नका बोल लावू."

सासरे बसनं जायचे. थंडी सुरू झाली आणि टेकडीवरचा रस्ता एका बाजूनं खचला. बस बंद. पायी जाणारा माणूस किंवा सायकल जाईल, एवढीच वाट उरली. मग सासऱ्यांनी मुलाची जुनी शर्यतीची सायकल खाली काढली. बारीक चाकं, वाकडं हँडल, आणि सीट म्हणाल तर नुसती पट्टी. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि गुडघे इतके आखडले होते की पायरी चढताना सुनेनं हात दिला.

"बाबा, रोज असं कसं जाणार?"

"जाईन की. पाय आहेत अजून."

"पाय आहेत, पण त्यात जीव कुठाय?"

आता योग बघा. ही सून ज्या कारखान्यात होती, तिथे थंडीतल्या सायकलस्वारांच्याच विजारी शिवल्या जात. टाइट्स म्हणतात त्यांना. अंगाला चिकटणारं कापड, बाहेरून गुळगुळीत, आतून मऊ लव. बुडाशी एक जाड पॅड, पुढे निमुळतं, मागे रुंद. कारखान्यात सगळ्या बायका त्याला गादी म्हणायच्या. मोठ्या दुकानांतल्या मालापेक्षा हा माल स्वस्त. हौशी माणसापेक्षा गरजू माणूस तो जास्त घ्यायचा. सुनेचं काम एकच, गादी लावायची. सकाळपासून गादी, संध्याकाळपर्यंत गादी. मान उचलली तर मानेतून कळ यायची, म्हणून ती मान उचलतच नसे.

कमरेची पट्टी तिरकी गेलेली एक जोडी बाजूला पडली होती. तिनं ती कामगारांच्या भावात मागून घेतली, पट्टी उसवून सरळ केली आणि घरी आणली.

सासऱ्यांनी घालून बघितली आणि दाराआडून म्हणाले, "सूनबाई, ह्यात मी सर्कशीतला दिसतोय."

"दिसा. टेकडीवर बघायला कोण येतंय?"

"वाराच येतो बाई, तोच तर चावतो."

पण टाइटनं काम केलं. गुडघे उबदार राहिले, मांड्या आखडेनात. सासरे अंधुक उजेडात निघायचे आणि वेळेवर पोचायचे. सून कारखान्यात मान खाली घालून मनात म्हणायची, चला, एवढं तरी आपल्या हातून झालं.

आठवडा गेला असेल. सासरे उभ्यानं जेवायला लागले.

"बाबा, बसा ना."

"उभ्यानं जेवलं की पचतं."

"हे कधीपासून?"

"कालपासून पचतंय."

तिनं पुढे विचारलं नाही. सासऱ्यांना असं काही विचारणार कसं? पण ते खुर्चीकडे बघायचे कसे, जिना उतरायचे कसे, हे तिला दिसत होतं. बायकोचा विषय निघाला की हा माणूस गप्प होई, आणि स्वतःच्या दुखण्याचा निघाला की विनोद करी. विनोद वाढले होते.

तिनं ओळखलं, चूक आपलीच. शिवण टोचत असणार. सुट्टीच्या दुपारी, जेव्हा पाठ टेकायची, तेव्हा ती घरच्या यंत्राशी बसली. गादी उसवली, शिवण चपटी करून पुन्हा लावली. कडेला मऊ पट्टी दिली. बोट फिरवून बघितलं, गालावर घासून बघितलं. कुठे काही टोचत नव्हतं.

"आता कशी आहे, बाबा?"

"लोण्यासारखी."

आणि हे बोलताना ते भिंतीला टेकून उभे होते.

तिनं पुन्हा उसवली. पुन्हा लावली. त्या दिवसांत ती घरीही गादी, कारखान्यातही गादी, अशी झाली होती. डोळे मिटले तरी तिला तोच निमुळता आकार दिसायचा. शेजारच्या यंत्रावरची म्हणाली, "अगं, तू झोपतेस की नाही?" ही म्हणाली, "झोपते ना. पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही."

मग एक सकाळ अशी आली की सासऱ्यांना सीटवर बसवेना. चढण त्यांनी सायकल हातात धरून चढली. पोचेपर्यंत खाण्याची वेळ टळून गेली होती. सासूबाईंनी ओठ मिटले ते मिटलेच. नवऱ्यालाही उशिराची शिक्षा. असं लागोपाठ झालं. परिचारिकेनं सांगितलं, सोमवारी मोठे डॉक्टर येतील, मग नळीचं ठरेल.

हे सासऱ्यांनी संध्याकाळी सुनेला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. त्यात एकही विनोद नव्हता.

कारखान्याच्या दाराशी एक छोटी खोली होती, तिथे थोडा माल सुटा विकायचे. शनिवारी विक्रीवाली आली नव्हती, म्हणून मुकादमानं सुनेला तिथे बसवलं. दुपारी एक बाई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या होत्या, रोज गावाबाहेरच्या शाळेत सायकलनं जायच्या. गेल्या वर्षीची टाइट विरली म्हणून तीच पुन्हा हवी होती.

सुनेनं विजारीचं पाकीट पुढे केलं आणि मग तिला राहवलं नाही. "ताई, एक विचारू? ही गादी टोचते का हो?"

"छे! ह्याच्याइतकी बरी मला महागातही मिळाली नाही."

"मग एखाद्याला जखम कशानं होईल?"

बाईंनी जरा विचार केला. "आत काही घालत नाही ना?"

"आत म्हणजे?"

"म्हणजे..." बाईंनी मागे वळून बघितलं, दारात कुणी नव्हतं. "म्हणजे आतलं. चड्डी. ह्याच्या आत काही घालायचं नसतं. गादी थेट अंगाला लागायला हवी. मध्ये दुसरी शिवण आली की ती घासते, घाम धरते, मग कातडी जाते. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. महिनाभर वर्गात फळ्यापाशी उभी होते. मुलांना वाटलं, बाई कडक झाल्या."

सुनेच्या डोळ्यांपुढे घरची दोरी आली. दोरीवर टाइट, आणि टाइटशेजारी सासऱ्यांची जाड लोकरी चड्डी, जिच्या शिवणा दोरखंडासारख्या. रोज दोन्ही शेजारी शेजारी. रोज तिनंच वाळत घातलेल्या.

ती आत गेली आणि बायकांना सांगितलं. सगळी यंत्रं थांबली. "बाई गं," एक म्हणाली, "आपण एवढ्या गाद्या लावल्या आणि आपल्याला हे माहीत नाही?" माहीत असणार कसं? त्यांच्यातली एकही कधी सायकलवर बसली नव्हती. त्या चालत यायच्या, चालत जायच्या, आणि मधला वेळ दुसऱ्यांच्या बुडाखालची गादी लावायच्या. हसून हसून दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. सून मात्र हसली नाही. कारण आता खरं संकट पुढे होतं. हे बाबांना सांगायचं कुणी?

घरी येताना तिनं नवऱ्याला फोन लावला. देवाची दया, लागला.

"अहो, बाबांना एक सांगाल?"

तिनं काय ते सांगितलं. पलीकडे समुद्राचा आवाज तेवढा येत राहिला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. मी सांगू? बाबांना? अगं, ‘अभ्यास झाला का’ ह्याच्यापलीकडे आमचं कधी बोलणं नाही. मी एकदम त्यांच्या चड्डीवर येऊ?"

"मग मी येऊ? मी सून आहे!"

"तू शिवलीस ना? मग तुझाच अधिकार."

"वा! अधिकार बरा आठवला."

तेवढ्यात फोन तुटला. तुटला की तोडला, देव जाणे.

रविवार गेला. ती दिवसभर तोंड उघडायची आणि मिटायची. सासूबाईंचे ओठ कसे मिटत असतील, ते तिला कळलं. संध्याकाळी सासरे कपात चहा घेऊन दाराच्या चौकटीला टेकले. ती घरच्या यंत्राशी बसली होती. तिनं एक चिंधी सुईखाली सरकवली, त्यांच्याकडे पाठ केली आणि पायानं यंत्र चालवायला सुरुवात केली. खडखड, खडखड.

"बाबा, तुम्ही काही बोललात तरी मला ऐकू येणार नाही. मी फक्त सांगते."

"बरं."

खडखडाटावर आवाज चढवून तिनं सांगून टाकलं. आत काही घालायचं नाही, काहीच नाही, लोकरी तर मुळीच नाही. आणि विजार रोज धुवायची, म्हणून दुसरी जोडीही आणली आहे, खुंटीवर ठेवली आहे. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पाय थांबायला तयार नव्हता. मागून सासरे काहीतरी म्हणाले. पुन्हा म्हणाले. शेवटी तिनं चाक धरलं.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, दोरा कधीच संपलाय. नुसतीच खडखड करते आहेस."

तिनं खाली बघितलं. चिंधीला नुसती भोकं पडली होती.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुझी सासू बोलती असती, तर तिनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं. तिला काही विचारायची लाज नव्हती." आणि खुंटीवरची जोडी घेऊन आत गेले.

जखम काही एका रात्रीत भरत नाही. सोमवारी सासरे निघाले तेव्हाही चेहरा वेदनेनं वाकडाच होता. अर्धी चढण उभ्यानं पायडल मारून काढली. पण बसले तेव्हा बसवलं, एवढं खरं. गादी जिथे लागायला हवी तिथे लागली. ते वेळेच्या आधी पोचले.

संध्याकाळी सून कामावरून आली तर सासरे खुर्चीवर. उशी खाली घेऊन, एका अंगावर कलंडून, पण बसलेले. ती चपला न काढताच उंबऱ्यात थांबली.

"खाल्लं?"

"खाल्लं. वाटी पुसून खाल्लं."

"आणि डॉक्टर?"

"नळी नको म्हणाले. सध्या तरी." मग त्यांनी उशी जरा सरकवली. "सूनबाई, परिचारिका मला विचारत होती, आजोबा, असे तिरके का बसता? म्हणून मी सांगितलं. सगळं. तू पाठ करून बसलीस ते, दोरा संपला ते. बोलता बोलता बघतो तर तुझ्या सासूचं तोंड एका बाजूनं हललं. मला वाटलं, ठसका लागला. ठसका नव्हता गं. हसत होती. दूध सगळं माझ्या सर्कशीच्या विजारीवर."

सून खाली बसली, तिथेच, जमिनीवर. भिंतीला डोकं टेकलं आणि सासरे ताट वाढून आणेपर्यंत झोपूनही गेली. सासऱ्यांनी उठवलं नाही. वाकता येत नव्हतं, तरी वाकून आपली शाल तिच्या पायांवर टाकली.

रस्ता त्या थंडीत दुरुस्त झाला नाही. सासूबाईंची वाचाही आली नाही. सासरे रोज जात राहिले, सून रोज दोन्ही विजारींतली एक धुवून वाळत घालत राहिली, आणि कारखान्यात गाद्या लागत राहिल्या. आता प्रत्येक सुटी विजार देताना त्या बायका गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतात आणि दोघंही दुसरीकडे बघतात.

झाली माझी गोष्ट. उठताना सावकाश उठा. उद्या थंडीत काही उबदार अंगावर चढवाल, तेव्हा त्याची आतली बाजू एकदा हातानं चाचपून बघा, आणि देवापाशी हात जोडताना त्या सुनेची आठवण काढा. तिला जरा निवांत झोप लागू दे, एवढंच माझ्यातर्फे मागा.