चाचणीत आलेलं नाव

हिंगोलीतल्या त्या दवाखान्यात नवा सर्व्हर बसवायचं काम आलं, तेव्हा प्रतिक्षाला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. दोन वर्षांपूर्वी तिचं बाळ याच दवाखान्यात, पोटातच गेलं होतं. ती काम करायची त्या कॉम्प्युटरच्या दुकानात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ती बॅग उचलून किसनसिंगच्या मागोमाग जिना चढली. सोनोग्राफीच्या दारासमोरून जाताना उगाच मोबाइलमध्ये बघत राहिली.

किसनसिंग दुकानातला जुना माणूस. वायरी आणि मशिनी त्याच्याकडे, कॉम्प्युटरवर कमांड देणं प्रतिक्षाकडे.

दुपारी चाचणी सुरू झाली. डॉक्टरांनी जुन्या तपासण्यांची चित्रं नव्या डिस्कवर टाकून दिली होती. मशीन किती दम धरतं ते खऱ्या फायलींवरच पाहा, असं त्यांचं म्हणणं. ती चित्रं बऱ्याच ठिकाणांहून एकाच वेळी वाचली आणि लिहिली जावीत, असा भार प्रतिक्षानं डिस्कवर टाकला. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत, डिस्कचा वेग मोजणाऱ्या आयओस्टॅटचे आकडे सरकू लागले. डिस्क शंभर टक्के गुंतलेली होती, तसं होणारच होतं. पण प्रत्येक मागणीला लागणारा वेळ मध्येच उसळी घेत होता. वीस मिलिसेकंद, बावीस, आणि एकदम नऊशे.

"ताई, हे काहून अडकून राहिलं?" किसनसिंगनं विचारलं.

"कोणती फाईल उघडी हाय ते पाहते."

तिनं कमांड दिली. उघड्या फायलींची नावं भराभर उतरली. दवाखान्यात पेशंटचं नाव आणि तारीख घालूनच फाईल ठेवायचे. मधल्याच एका ओळीवर तिची नजर थांबली. प्रतिक्षा विश्वंभर कावरखे. तारीखही तीच.

तिनं पुन्हा कमांड दिली. बाकीची नावं बदलली, तिचं पुन्हा आलं.

किसनसिंगनं वाकून वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं. "तुमचंच हाय का हे?"

"व्हय. माझं लेकरू हाय त्यात."

तो हळूच म्हणाला, "बंद करू का चाचणी?"

"नको. आकडे बिघडतील."

ती सरळ स्क्रीनकडे बघतच बोलत राहिली. त्या दिवशी सोनोग्राफीच्या मशिनीचं तोंड दुसरीकडे होतं. तपासणाऱ्या बाई बोलता बोलता गप्प झाल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या. तिला काहीच दिसलं नव्हतं. रिपोर्ट नवऱ्यानं सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात सोडला आणि घरात पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

"तुमचीच फाईल हाय, ताई," किसनसिंग म्हणाला. "पाहा. मी च्या सांगून येतो." जाताना त्यानं दार ओढून घेतलं.

तिनं फाईल उघडली. राखाडी धुरकट चित्र. आधी काही कळेना, मग डोकं दिसलं, पाठीचा बाक दिसला, आणि गालाशी टेकलेला एक हात. झोपेत लेकरं ठेवतात तसा. ती बघत राहिली. बाजूच्या खिडकीत आकडे धावतच होते.

तिनं विश्वंभरला फोन लावला. तो पुसेगावला शेतात होता. हळद शिजवणं चालू होतं, मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"अवो, म्या आपलं लेकरू पाह्यलं. हितं, दवाखान्याच्या मशिनीत."

गलका हळूहळू लांब गेला. तो चालत बाजूला गेला असावा.

"हात गालाला लावलेला हाय, न्हाई का?" विश्वंभर म्हणाला.

"तुमी पाह्यलं व्हतं?"

"रिपोर्ट पाण्यात सोडायच्या आदी, त्यातल्या फोटोत. धरणाच्या काठाला बसून लई येळ पाह्यलं. सोडवतच नव्हतं."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू इसरून राहिली आसं वाटलं. उगं तुला तकलीफ..."

"एक दिवस बी न्हाई इसरले मी."

पलीकडून त्याचं रडणं ऐकू आलं. लग्न झाल्यापासून तिनं ते कधीच ऐकलं नव्हतं. मग तिलाही आवरेना.

"थांब तिथंच, मी येतो," तो म्हणाला.

"अन् हळद?"

"ऱ्हाऊ दे हळद."

चाचणी संपली. किसनसिंगला डिस्कची एक केबल सैल सापडली. ती बदलून पुन्हा भार टाकला, तेव्हा आकडे स्थिर राहिले. आता चाचणीसाठी घेतलेल्या प्रती पुसायच्या होत्या. मूळ चित्रं जुन्या मशिनीत होती, हे तिला माहीत होतं. तरी कमांड लिहून तिचं बोट थांबलं.

"मी दाबू का?" किसनसिंग म्हणाला.

"नको. मीच करते."

ती खाली आली तेव्हा विश्वंभर दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. कपडे शेतातलेच, हाताला हळद. ती शेजारी बसली.

"अजून काय दिसलं?" त्यानं विचारलं.

"नाक तुमच्यावाणी व्हतं."

त्यानं मान हलवली. त्यालाही तसंच वाटलं होतं म्हणे. आत-बाहेर करणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, पण दोघांपैकी कोणीच उठेना.