शेजारणीचे निशाण

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे, लातूरजवळच्या मुरुडच्या बसम्माच्या यकृतातली. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझे कौतुकही कुणी करत नाही. आतड्यातून आलेले सगळे निवडायचे, विषारी ते बाजूला काढायचे, हे माझे काम. आमच्या दारात शिपाई पेशी कायम फिरतात, पण ऊठसूट तलवार उपसत नाहीत. रोज नवे पाहुणे येणाऱ्या घरात तसे केले तर संसार कसा चालायचा?

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल झाले. टँकर यायचा आणि आटलेल्या विहिरीत पाणी ओतून जायचा. काठावरची घाणही त्यातच उतरायची. बसम्मा ते पाणी तसेच प्यायली आणि विषाणू आमच्या दारी आला.

तो माझ्या शेजारणीच्या घरात शिरला आणि पिलावळ वाढवू लागला. शेजारीण मोठ्या मनाची! तिने त्याचे तुकडे निशाणासारखे अंगावर टांगले आणि आम्हाला सावध राहण्याचे निरोप धाडले. निशाण पाहून शिपाई तिच्यावरच तुटून पडले. तिच्याबरोबर तिच्यातला विषाणूही संपला. निरोप मिळाल्यामुळे मी दारे-कड्या लावून बसले होते, म्हणून वाचले.

अशा कितीतरी जणी गेल्या, तेव्हा बसम्माचे डोळे पिवळे झाले. लोक म्हणाले, दुखणे आता सुरू झाले. खरे तर आतली लढाई कधीचीच पेटली होती. बसम्मा लातूरच्या डॉक्टरांना दाखवून आली. तरी सासू जगदेवीने घरातली हळद बंद केली आणि वैदूचे चूर्ण आणले.

"घे गं, लई गुणाचं हाय."

मी धसकले. उरलेल्या आम्ही मोजक्या, आणि त्या चूर्णाचा भार आमच्याच गळ्यात पडणार होता. तो पेलला नसता, तर बसम्मा वाचली नसती.

"आत्या, डाक्टर काय म्हणले? लिव्हर दमलंय, त्याला कशाचंबी ओझं नको. निजू द्या मला."

 जगदेवीने पुडी चुलीत टाकली. "नीज. पाणी मी भरते. उकळून देते."

त्या माउलीचे उपकार मी कसे फेडू? बसम्मा पडून राहिली, पेज प्यायली, आणि आम्ही एकीच्या दोन होत गेलो. महिन्याभरात तिचे डोळे निवळले.

मित्रांनो, पाणी उकळून प्या आणि दमलेल्याला निजू द्या. शेजारणीच्या जागी आज माझी लेक नांदते. जगदेवीने उकळलेले पाणी आत आले, की आम्ही दोघी आधी त्या शेजारणीची आठवण काढतो.