काळं पातेलं

माझ्या सासूबाई गजराबाई यांच्या लेखी जे चकाकत नाही ते भांडंच नव्हे. शहाद्याच्या बाजारातून त्यांनी जर्मनचं मोठं पातेलं आणलं होतं. अ‍ॅल्युमिनियमला आम्ही जर्मनच म्हणतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या राखेने त्या ते रोज असं घासत, की त्यात तोंड दिसावं. माझं माहेरचं पातेलं मात्र आतून काळं होतं, आणि मी ते मुद्दाम तसं राखलं होतं.

मला यातलं कळत होतं, उगाच विनय कशाला दाखवू? माहेरी दोन पातेली बरोबरच आली. एकात नुसतं पाणी तापायचं. ते काळवंडलं आणि धड राहिलं. दुसरं आई राखेने घासायची. त्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. पऱ्हाटीच्या राखेचं पाणी बोटांची सालं काढतं, ते या मऊ धातूला सोडणार होय? तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. पाणी उकळता उकळता पातेल्याने अंगावर चढवलेलं कवच ते, भाजलेल्या मातीसारखं टणक. कढीच्या आंबटाने थोडं उतरलं, की मी पुन्हा साधं पाणी उकळायची.

लढाईचे दिवस होते. कथील मिळेना म्हणून कल्हईवाला फिरकत नव्हता, आणि कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकायचं. नवं जर्मनचं भांडं तर विसराच, सगळा धातू विमानांना चाललेला. त्यात माझी नणंद धनू हिचं लग्न निघालं. वऱ्हाडाची कढी या दोन पातेल्यांतच व्हायची होती. सासूबाईंनी राखेची टोपली माझ्यापुढे सरकवली.

"लगीनघरमा काळं भांडं माले चालाव नही."

मी राखेला हात लावला नाही. तो मळ नव्हे, पातेल्याचं कवच आहे, घासायचंच असेल तर माझं पातेलं चुलीवर नको, असं सांगून टाकलं. त्या भडकल्या. माझं पातेलं गोठ्यात गेलं आणि सगळी कढी त्यांच्या चकचकीत पातेल्यात चढली. मला राग आला होता, पण काळजी धनूची होती. पंगतीत कढी कमी पडली, की सासरी बोलणी नवरीला खावी लागतात.

वऱ्हाड दारात आलं आणि चूल चुरचुरायला लागली. पातेल्याच्या बुडातून कढी विस्तवात ठिबकत होती. सासूबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गोठ्यातून माझं पातेलं आणलं, धुतलं आणि पुढे केलं. त्यांनी स्वतःच्या हाताने कढी त्यात ओतली. पंगतीला ती पोटभर पुरली.

जेवणं झाल्यावर विहीणबाई मागच्या दारी आल्या, रिकाम्या पातेल्यात डोकावल्या आणि सून भांडी घासत नाही वाटतं, असं म्हणाल्या. मी तोंड उघडणार, तोच सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"तो मळ नही. ती पातेलानी कातडी शे. मन्ही सूननी राखेल शे."

संध्याकाळी बायका राख घेऊन भांड्यांना बसल्या, तेव्हा माझं पातेलं त्यांना सापडेना. सासूबाईंनी ते साधं पाणी भरून चुलीवर ठेवलं होतं.