सालीखालची काजळी

"त्याचा कोट दाराबाहेरच काढायला लाव गं. सालीखालची ती काजळी घरात नको," असं रॉयसच्या लोरेट आत्या बजावून गेल्या होत्या. कोरिनने हसून मान डोलावली आणि नवऱ्याचा, रॉयसचा, कोट नेहमीसारखा शेगडीजवळच्या खुंटीला टांगला. अमेरिकेतल्या व्हर्मांटची थंडी, बाहेर ठेवलेला कोट सकाळी लाकडासारखा कडक झाला असता. शिवाय साल ती मेपलच्या झाडाची, आणि मेपलला कसलं भ्यायचं? घरातलं लाटणं मेपलचं, मांस कापायचा ठोकळा मेपलचा, बाळ चघळायचं तो खुळखुळासुद्धा मेपलचा. कणखर, दुधासारखं पांढरं लाकूड, ना वास ना चव.

रॉयस लाकूड गिरणीत साल सोलायचा. पडून राहिलेल्या ओंडक्यांची साल सुटली की खालून काळी भुकटी उडे, आणि हिवाळ्यात दारं बंद. संध्याकाळी घरी आला की हुडहुडी, ताप, खोकला. डॉक्टर म्हणाले, फ्लू. कोरिन मात्र बघत होती. नाताळात गिरणी बंद होती तेव्हा तो एकदाही खोकला नाही. गिरणी उघडली, त्याच संध्याकाळी ताप.

कोरिन कॉलेज शिकलेली. मग ती या आजाराबद्दल वाचत बसली.

"ती बुरशी आहे, रॉयस. छातीत जाऊन बसते."

"कॉलेजात साल सोलायलाही शिकवतात वाटतं?"

"थट्टा पुरे. उद्यापासून जाऊ नकोस."

"आणि खायचं काय, भुसा? आमच्या गिरणीतला म्हातारा ओविला जन्मभर हेच करतोय. त्याला काय धाड भरलीये?"

"ओविलाला जिना चढताना बघितलंयस कधी?"

रॉयसने बघितलं होतं. तेवढ्यात पाळण्यात बाळ खोकलं, कोरडं, अगदी बापासारखं. तो उठला, खुंटीवरचा कोट काढला आणि बाहेर बर्फात भिरकावला.

साल सोलणं सुटलं. बाळाचा खोकलाही गेला, तरी कोरिन अजून झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजते. रॉयसच्या छातीतले व्रण मात्र जायचे नाहीत, असं मोठ्या इस्पितळात सांगितलं. बाळाला कडेवर घेऊन तो अंगणापर्यंत जातो, पुढे नाही.

ओविला अजून सोलतोच आहे. वर टेकडीवर एकटा राहतो. कोरिनने फोन केला की "मी ठणठणीत आहे गं पोरी," म्हणतो, पण ते एक वाक्य त्याला दोन दमात म्हणावं लागतं. काल त्याने फोन उचलला नाही. आजही नाही. टेकडी चढणं रॉयसच्याने होत नाही, आणि बाळाला घेऊन त्या बर्फातून जायचा तिला धीर होत नाही.

तुम्ही तिकडून जाणार असाल तर वरच्या हिरव्या दाराशी जरा थांबा. दार वाजवा, आणि लगेच परतू नका. त्याला उठून यायला वेळ लागतो.